राबत्या अंगाची निगा

चंदगड तालुक्यात जून ते सप्टेंबर शेतात राबणाऱ्या बाईचे पाय कोरडे राहत नाहीत. भाताची लावण झाली की नाचणीची लावण, ती आटोपते तोवर पहिल्या वाफ्यातली भांगलण, मधल्या वेळेत गोठ्यातलं शेण आणि वैरणीचा भारा. डोक्यावर पूर्वी बांबू-पानांचं इरलं असायचं, आता प्लॅस्टिकची खोळ आली. पण गुडघ्याखालचा पाय तेव्हाही चिखलात होता आणि आजही चिखलातच आहे. त्यामुळे या तालुक्यातली आरोग्याची आणि सौंदर्याची गोष्ट सांगायची, तर ती चेहऱ्यापासून नाही, टाचेपासून सांगावी लागते.

कोल्हापूर जिल्ह्याच्या नकाशात चंदगड सगळ्यात खालच्या टोकाला. पश्चिमेला पारगड, तिलारी, हेरे हा दाट रानाचा आणि धुवाधार पावसाचा पट्टा. घाट उतरला की दोडामार्ग आणि पुढं गोवा. पूर्वेला कोवाड, शिनोळी, कर्वे हा उसाचा, बटाट्याचा आणि बेळगावच्या बाजारपेठेचा भाग. ताम्रपर्णी आणि घटप्रभा याच तालुक्यातून वाहतात. शेजारची आंबोली राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत मोडते. जिल्ह्याचं ठिकाण शंभर किलोमीटरच्या पलीकडं, तर बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही जवळ. तालुक्याला ग्रामीण रुग्णालय आहे, पण आजार जरा मोठा झाला की माणसं गडहिंग्लज, बेळगाव नाही तर कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाची वाट धरतात. अशा मुलखात लहानसहान दुखण्याचं पहिलं औषध स्वयंपाकघरातल्या फडताळात आणि परसातच असणार. ते तिथं पिढ्यानपिढ्या होतं आणि बरंचसं आजही आहे.

या फडताळात काय आहे, त्यातलं काय मोलाचं आहे आणि काय आता टाकून द्यायला हवं, हे तपासण्यासाठी हा लेख.

भेगा आणि चिखल्या

सतत पाण्यात राहून पायाच्या बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, सोलते, खाज सुटते, मग आग होते. या चिखल्या. पाऊस ओसरून थंडीचा वारा सुटला की त्याच पायांच्या टाचा फाटतात. या भेगा. चंदगडच्या बायकांना दोन्ही दुखणी पाठ आहेत आणि दोन्हींवरचे उपायही.

चिखल्यांवर मेंदीचा पाला वाटून लावतात. मेंदीच्या पानातलं लॉसोन हे रंग देणारं द्रव्य बुरशीची वाढ रोखतं, हे प्रयोगशाळांतून दिसलेलं आहे. म्हणजे हा उपाय निव्वळ समजुतीचा नाही. मात्र त्याच्या आधीची पायरी जास्त महत्त्वाची. रात्री पाय स्वच्छ धुऊन बेचक्यातलं पाणी सुती फडक्यानं टिपायचं, चुलीजवळ पाय शेकून कोरडे करायचे आणि मग पाला लावायचा. बुरशीला ओल हवी असते. ती काढून घेणं हेच निम्मं औषध.

भेगांसाठी घाटमाथ्यावर आणि कोकणात चालत आलेली वस्तू म्हणजे कोकमाचं तेल. कोणी मुठेल म्हणतं, गोव्याकडं भिरंडेल म्हणतात. उन्हाळ्यात रातांबे फोडून साल आमसुलासाठी वाळत घातली की बिया उरतात. त्या धुऊन, कडक उन्हात वाळवून, फोडून आतला गर कुटायचा. मग भरपूर पाण्यात तो उकळत ठेवायचा. हळूहळू पाण्यावर तेलाचा तवंग जमतो. तो पळीनं काढून घ्यायचा आणि निवताना घट्ट होऊ लागला की मुठीत वळून लांबट गोळे करायचे. गोळा पांढरट-पिवळसर, मेणासारखा कडक असतो आणि वर्षभर टिकतो. कोकमाच्या तेलात स्टिअरिक आणि ओलेइक ही मेदाम्लं भरपूर असतात. ते साधारण अडतीस ते बेचाळीस अंशांवर वितळतं, म्हणजे घरातल्या हवेत घट्ट राहतं आणि कातडीवर चोळलं की ऊब मिळून मऊ होतं. म्हणूनच ते भेगेत बसतं आणि खोबरेलासारखं लगेच ओघळून जात नाही.

लावण्याची रीतही ठरलेली. रात्री कोमट पाण्यात पाय भिजवायचे. वज्रीनं किंवा न्हाणीतल्या खरबरीत दगडानं मेलेली कातडी हलक्या हातानं घासायची. पाय पुसून कोरडे करायचे. गोळा दिव्याच्या ज्योतीजवळ धरून पाझरलेलं तेल भेगेत सोडायचं आणि सुती कापड गुंडाळून निजायचं. आज शहरातला त्वचारोगतज्ज्ञ टाचांसाठी हेच चार टप्पे सांगतो: भिजवा, घासा, मेद लावा, झाका.

भेग भरली की टाच चांगली दिसते, हा झाला एक भाग. दुसरा भाग जिवाशी निगडित आहे. भाताच्या खाचरातल्या पाण्यात उंदीर-घुशींचं आणि जनावरांचं मूत्र मिसळलेलं असतं. त्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि ते फाटक्या टाचेतून, चिरलेल्या बोटातून अंगात शिरतात. मुंबईत २००५ च्या जुलैतल्या महापुरानंतर या आजारानं माणसं दगावली, तेव्हा शहरानं त्याचं नाव ऐकलं. भातशेतीच्या मुलखाला तो दर पावसाळ्यातला धोका आहे. लावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्यांत कमालीची दुखी आणि डोळे लाल, एवढी लक्षणं दिसली तरी घरी काढा पीत बसू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन "मी चिखलात काम करते" हे डॉक्टरांना सांगावं. वेळेत प्रतिजैविकं मिळाली तर माणूस बरा होतो.

मुठेलाचा गोळा हा म्हणून चैनीचा विषय नाही. पायाची कातडी अखंड ठेवणं हीच या मुलखातली पहिली लस आहे, असं मी म्हणेन.

काजूनं काळे झालेले हात

गेल्या काही दशकांत चंदगडच्या डोंगरउतारांवर काजू वाढला आणि त्यामागोमाग काजूचे लहानमोठे कारखाने आले. त्यांत काम करणाऱ्यांमध्ये बायका जास्त. बी वाफवायची, मग कटरवर एकेक बी ठेवून पायानं दांडा दाबून ती फोडायची, टोच्यानं गर अलगद सुटा करायचा, तो वाळवायचा, वरची तांबूस साल काढायची आणि प्रत लावायची. मोबदला बहुधा किलोवर. हात जितका चपळ, तितका दिवस भरतो.

बीच्या कवचात जो चीक असतो, त्यात ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल ही दाहक द्रव्यं असतात. तो कातडीला लागला की आधी काळा डाग पडतो, मग कातडी भाजल्यासारखी सोलते, कधी फोड येतात. बिब्बा याच कुळातला. बिब्बा उतला म्हणजे काय होतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला काजूचा चीक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. याच दाहकपणामुळे पूर्वी टाचेच्या भेगांवर तापवलेल्या बिब्ब्याचा थेंब सोडायचे. भेगेची कडा जळायची आणि दुखणं थांबल्यासारखं वाटायचं. पण कोणाच्या अंगावर तो उतेल याचा नेम नाही. मुठेल हाताशी असताना बिब्ब्याच्या वाटेला जाऊ नये.

काजू फोडायला बसण्याआधी हातांना एरंडेल किंवा खोबरेल चोळतात, मधूनमधून राख किंवा पीठ लावतात. ही रीत शास्त्राला धरून आहे. चीक तेलात विरघळतो, म्हणून आधीच तेलानं माखलेल्या कातडीत तो सहज मुरत नाही. एरंडेल दाट असल्यानं हातावर जास्त वेळ टिकतं. काम संपल्यावरही नुसत्या पाण्यानं चीक निघत नाही. आधी तेल चोळून तो सैल करायचा आणि मग साबणानं धुवायचं. या क्रमात चूक झाली तर तोच हात घरी गेल्यावर डोळ्याला, लेकराच्या गालाला लागतो.

हातमोजे का वापरत नाहीत, हा प्रश्न बाहेरून येणारा प्रत्येकजण विचारतो. जाड मोज्यात बी हाताला नीट लागत नाही, वेग मंदावतो आणि किलोवरच्या मजुरीत वेग म्हणजेच पैसा. त्यामुळे उपदेश बाईला करून भागणार नाही. बोटांवर घट्ट बसणारे पातळ मोजे, बसायला पाठीला टेकण असलेली जागा, धूर आणि वाफ बाहेर नेणारी खिडकी, हात धुण्याच्या जागी तेल आणि साबण दोन्ही, एवढं कारखानदारानं पुरवायला हवं. काजूची प्रत ज्या हातांमुळे ठरते, त्या हातांची निगा हा धंद्याच्या खर्चातलाच भाग धरला पाहिजे.

नायट्याची ट्यूब

ओले कपडे, दमट हवा, एकाच दोरीवर वाळणारी घरभरची कापडं. पावसाळ्यात जांघेत, कमरेला, काखेत नायटा उठतो. पूर्वी टाकळ्याचा पाला किंवा बी वाटून लावत. टाकळ्यात क्रायसोफेनॉलसारखी बुरशीला रोखणारी द्रव्यं आहेत. पहिल्या पावसात हाच टाकळा कोवळा असताना भाजीला येतो.

आता माणूस दुकानात जातो आणि खाजेची ट्यूब मागतो. त्या ट्यूबमध्ये अनेकदा बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड एकत्र असतं. दोन दिवसांत खाज थांबते. माणसाला वाटतं, गुण आला. खरं तर स्टेरॉइड कातडीची रोगाशी लढण्याची ताकदच दडपून टाकतं आणि खाली बुरशी पसरत जाते. ट्यूब थांबवली की नायटा दुप्पट होऊन परततो. कातडी पातळ होते, जांघेत लालसर-पांढरे कायमचे चट्टे पडतात. अशा वापरामुळे देशभर नायटा हट्टी झाला आहे. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या नावानं २०२० मध्ये ओळखल्या गेलेल्या बुरशीवर नेहमीच्या गोळ्याही अनेकदा चालत नाहीत. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. दुकानाच्या काउंटरवर हा नियम पाळला जातो का, हे गिऱ्हाइकानंच पाहायला हवं.

हीच ट्यूब गोरं होण्यासाठी चेहऱ्यालाही फासली जाते. हिंदुस्थान लिव्हरनं १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' आणलं, २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. पण पंचेचाळीस वर्षांत मनात रुजलेलं नावाबरोबर निघून गेलं नाही. त्यातूनच बिनानावाच्या, बिनालेबलच्या उजळ करणाऱ्या क्रीमचा धंदा चालतो. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये अशा क्रीममधल्या पाऱ्यानं मूत्रपिंडं बिघडलेले रुग्ण सापडले. आपल्याकडं अकोल्यातल्या एका घरातल्या बायकांनाही याच कारणानं मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासावं लागलं. शेतात राबून रापलेला चेहरा हा आजार नाही. त्याला उन्हापासून आडोसा, अंघोळीनंतर थोडं तेल आणि पोटात भाकरी-भाजी हवी. पारा नको.

मशेरी

निगेच्या नावाखाली घराघरात बसलेली एक सवय मात्र उघडपणे विषारी आहे. तव्यावर तंबाखूचं पान काळं होईपर्यंत भाजायचं, कुस्करून भुकटी करायची आणि सकाळी बोटावर घेऊन दातांना लावायची. तंबाखूच्या व्यापारासाठी नावाजलेलं निपाणी या भागापासून फार लांब नाही, त्यामुळे माल कधी दुर्मीळ नव्हता. मशेरी लावणाऱ्या बाईला आपण तंबाखू खातो असं वाटतच नाही. ती म्हणते, मी दात घासते. सासूकडून सुनेकडं ही सवय दात घासण्याची रीत म्हणून येते.

पण हिरडीवर चोळलेल्या तंबाखूतलं निकोटीन काही मिनिटांत रक्तात उतरतं. म्हणूनच सकाळची एक वेळ हळूहळू दिवसाच्या चार वेळा होते. मशेरी चुकली की डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. ही लक्षणं व्यसनाची आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं धूरविरहित तंबाखू माणसात कर्करोग करतो, असं निःसंदिग्धपणे नोंदवलं आहे. गरोदरपणी लावलेल्या मशेरीचा परिणाम बाळाच्या वजनावर होतो. महाराष्ट्रानं २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली. पुरुषांच्या पुड्या निदान चर्चेत आल्या, बाईच्या डबीतली मशेरी कोणाच्या डोळ्यांवर आली नाही.

सोडायची कशी? बोटाला आणि हिरडीला चाळा हवा असतो. तो कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या दातवणानं, नाही तर साध्या ब्रशनं भागतो. पहिले दोन आठवडे कठीण जातात, त्या काळात घरानं टोमणे न मारता साथ द्यावी. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तोंड पूर्ण उघडेना, तर थेट दंतवैद्याकडं जावं. चंदगडच्या बाईनं या दिवाळीला एकच गोष्ट घराबाहेर काढायची ठरवली, तर ती मशेरीची डबी असावी.

न्हाणीतली दिवाळी

नरकचतुर्दशीला पहाटे बंब पेटतो. घंगाळात कढत पाणी, पाटाभोवती रांगोळी, आईच्या हातात कोमट तेलाची वाटी. कोकण-गोव्याकडं कारीट अंगठ्यानं फोडून मग अंघोळ करतात, घाटावरच्या सीमेलगतच्या घरांतही ती रीत पोचली आहे. तेलानंतर उटणं. त्यात नागरमोथा, वाळा, गव्हला, कचोरा, कपूरकाचरी, आंबेहळद, आवळकाठी, चंदन आणि मसुरीचं किंवा हरभऱ्याचं पीठ.

या क्रमात शहाणपण आहे. आधी तेल लावल्यानं कातडीची ओल टिकते. पीठ जादा तेल शोषून घेतं, भरडलेल्या मुळ्या मेलेली कातडी काढतात, पण साबणासारखं कातडीवरचं सगळं तेल धुऊन नेत नाहीत. कार्तिकाच्या तोंडावर हवा कोरडी पडायला लागते, तेव्हाच हे सगळं येतं. खरी खंत एवढीच की तेल-उटण्याची ही अंघोळ वर्षातून एक-दोनदा उरली. थंडीच्या चार महिन्यांत आठवड्याला एकदा ती केली, तर टाचा, कोपर आणि पोटऱ्या फुटणार नाहीत.

केसांसाठी शिकेकाई, रिठा आणि आवळा. शिकेकाईची काटेरी वेल सह्याद्रीच्या रानात असते. शेंगांतल्या सॅपोनिनमुळे फेस येतो आणि मळ निघतो. १९८३ मध्ये तमिळनाडूत 'चिक' शाम्पूची पुडी निघाली, पुढं अशा पुड्या खेडोपाडीच्या दुकानात लटकल्या आणि शिकेकाई कुटण्याचा खटाटोप मागं पडला. शाम्पू वाईट नाही. डोळ्यांत गेलेली शिकेकाई त्याहून जास्त झोंबते, हेही खरं. पण डोक्यात मुरवलेलं माक्याचं किंवा जास्वंदीचं तेल, त्यासाठी मायलेकींनी एकमेकींजवळ घालवलेला अर्धा तास आणि बोटांचा तो दाब पुडीत मिळत नाही. उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड मात्र वापरू नये. तिचा कण डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते.

बाळाच्या अंघोळीतही निवड करायला हवी. खोबरेलानं हलका मसाज, उबदार पाणी, मऊ कापडात गुंडाळणं हे उत्तम. नाका-कानात तेल सोडणं, बाळाची छाती पिळणं, कोंडलेल्या खोलीत शेगडीवर धुरी देणं हे थांबवावं. एवढ्याशा फुप्फुसांना धूर सोसत नाही. काजळ डोळ्यांत घालू नये, बाजारातल्या काजळ-सुरम्यात शिसं असू शकतं. तीट लावायची हौस असेल तर ती तळपायाला लावावी. वर्ष पुरं होईपर्यंत गुटीत मध घालू नये.

ताटातली निगा

कातडी, केस आणि हाडं यांची निम्मी निगा ताटात होते, आणि इथं चंदगडकडं देण्यासारखं खूप आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तर तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात दहा मिलिग्रॅमही नसतं. आंबवलेली नाचणीची आंबील उन्हाळ्यात पोटाला थंडावा देते आणि आंबवल्यामुळे तिच्यातले क्षार अंगी लागायला मदत होते. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू या रानभाज्या फुकट मिळतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा नाचणीची बिस्किटं शहरात महाग विकली गेली. पिकवणाऱ्या घरात मात्र भाकरीची जागा पॉलिशच्या भातानं आणि मैद्याच्या पुड्यांनी घेतली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. निस्तेज चेहऱ्याचं खरं कारण बहुतेक वेळा हेच. त्याला क्रीम नव्हे, लोहाच्या गोळ्या, अळीव, पालेभाजी आणि घरात सगळ्यांबरोबर बसून पोटभर जेवणं लागतं.

नरक्या: रानातलं औषध आणि त्याची किंमत

चंदगड-आजऱ्याच्या रानात नरक्या नावाचं झाड आहे. त्याच्या लाकडाला उग्र वास येतो, म्हणून पूर्वी सरपणालाही कोणी नेत नसे. १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळं केलं. हे वाणी आपल्या नंदुरबारमध्ये १९२५ साली जन्मले होते. पुढं १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच द्रव्य नरक्यात असल्याचं दाखवलं. मूळ द्रव्य फार विषारी होतं. ते माणसाला सोसेल असं करायला वर्षं गेली आणि १९९६ मध्ये त्यापासून घडवलेल्या टोपोटेकन व इरिनोटेकन या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. अंडाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ती आजही वापरतात.

त्यानंतर नरक्यावर कुऱ्हाड पडली. झाडं मुळासकट उपटून, तुकडे करून रातोरात घाटाबाहेर गेली. तस्करी पकडल्याच्या बातम्या या पट्ट्यातून येत राहिल्या. तोडणाऱ्या गरीब हाताला किलोमागे मोजकी रक्कम मिळाली, नफा दूर कुठंतरी गेला आणि रान मोकळं झालं. कोकमाचंही वेगळं नाही. रातांब्याच्या बिया स्वस्तात जातात आणि तेच तेल डबीत बसून महाग होऊन परत येतं.

नरक्याची गोष्ट मला दोन कारणांनी महत्त्वाची वाटते. पहिलं, रानातल्या झाडात खरंच औषध असतं, त्याला भोंदूपणा म्हणून उडवून लावता येत नाही. दुसरं, झाडात औषध असणं आणि झाड औषध असणं यात तीस वर्षांच्या कष्टाचं अंतर आहे. नरक्याची साल उकळून प्यायल्यानं कर्करोग बरा होत नाही, विषबाधा होते. बेळगावात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पारंपरिक वैद्यकावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. चंदगडच्या वैदूंचं, धनगरवाड्यावरच्या जाणत्या बायकांचं ज्ञान अशा संस्थेनं त्यांच्या नावानिशी नोंदवावं, तपासावं आणि त्यातून काही निघालं तर त्यांचा वाटा त्यांना द्यावा. २००२ च्या जैवविविधता कायद्यात ही तरतूद आहे.

घरगुती उपाय कुठं थांबतो

काही बाबतींत फडताळाकडं वळायचंच नसतं. साप चावला की मंत्र, पाला, चीर देऊन रक्त काढणं, करकचून दोरी बांधणं यांत जीव जातो. ढोलगरवाडीच्या मामासाहेब लाड विद्यालयात शिक्षक बाबूराव टक्केकरांनी मुलांना साप ओळखायला शिकवलं आणि नागपंचमीला तिथं सापांविषयी लोकांना माहिती देण्याची प्रथा पडली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार विषारी सापांच्या विषावर प्रतिसर्पविषाखेरीज उतारा नाही, हे या तालुक्यानं शाळकरी पोरांकडून शिकलेलं आहे. चावलेला अवयव हलू न देता रुग्णालय गाठायचं, एवढंच.

दुसरी गोष्ट गोचिडाची. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर रानात पहिल्यांदा ओळखला गेलेला माकडताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि पुढं घाटाखाली दोडामार्गात पोचला. काजू गोळा करायला, सरपणाला रानात जाणाऱ्यांना तो झाला. रानात जाताना अंगभर कपडे आणि आरोग्य खात्यानं दिलं तर गोचीड दूर ठेवणारं तेल लावायचं. परत आल्यावर कढत पाण्यानं साबण लावून अंघोळ करायची आणि काखा, जांघा, कानामागं गोचीड आहे का ते पाहायचं. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं.

या सगळ्यातून माझ्यापुरता एक नियम मी काढला आहे. कातडी राखणारा, पोषण देणारा, ऊब देणारा घरगुती उपाय बिनदिक्कत करावा: मुठेल, खोबरेल, उटणं, मेंदी, आंबील, रानभाजी. ताप, जखम, विष, गाठ, श्वास आणि बाळंतपण या सहा गोष्टींत मात्र घरगुती उपायावर एक रात्रही काढू नये. धनुर्वाताची सुई वेळेवर घ्यावी, आणि शेतात झालेल्या जखमेवर हळद किंवा शेण थापण्याऐवजी ती साबणपाण्यानं धुवावी.

वाचकांना या दिवाळीत एवढीच विनंती आहे. पहाटे घरातल्या लेकरांना तेल लावाल, नवऱ्याच्या पाठीला उटणं चोळाल. त्यानंतर जी बाई हे सगळं करते, तिला पाटावर बसवा. तिच्या टाचा पाहा, बेचक्या पाहा, हातांवरचे काळे डाग पाहा, तोंडातला चट्टा पाहा. भेगा असतील तर तेल लावा आणि चट्टा असेल तर भाऊबीज उलटायच्या आत तिला दवाखान्यात घेऊन जा.